इतिहासातील मुलगी आणि अद्भुत

इतिहासातील माणसांना अद्भुताचे वस्त्र चढवावे की नाही, हा वाद जुनाच आहे. नवे आहे ते वस्त्र. जपानमध्ये 2013 पासून ‘पुएला मागी तार्त मागिका’ ही चित्रकथा प्रसिद्ध होऊ लागली. तिची नायिका फ्रान्सची जोन ऑफ आर्क. एका गूढ प्राण्याशी करार करून ती जादूचे सामर्थ्य मिळविते. 1429 साली ऑर्लियाँचा वेढा उठविण्यात अग्रभागी असलेली आणि 1431 साली रूआँ येथे जिवंत जाळली गेलेली शेतकऱ्याची पोर अशा वेषात पाहून इतिहासाचा अभ्यासक कपाळाला आठ्या घालील, हे उघड आहे.

तथापि त्यापूर्वी आपल्याच घरात डोकावणे बरे. तेराव्या शतकातील मुक्ताबाई ही संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडलेल्या चार भावंडांतील धाकटी. तिच्याविषयी आपण काय सांगतो? मांडे भाजावयास खापर मिळेना, तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठ तापविली. चांगदेव वाघावर बसून आले, तेव्हा भावंडांची भिंत चालू लागली. प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ या 1940 च्या बोलपटात ती पडद्यावरही चालली.

आमच्या जासईतील एक शाळकरी मुलगी ही जपानी पुस्तके आवडीने वाचते. तिने एकदा विचारले, “काका, भिंत खरेच चालली का हो?”

“त्याला पुरावा नाही. पण ताटीचे अभंग आहेत.”

“मग भिंत हवी कशाला?”

प्रश्न मार्मिक होता. रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना ही चिमुरडी बहीण समजाविते; वयोवृद्ध योगी चांगदेव तिलाच गुरू करतात, असे परंपरा सांगते. पोरीने थोरांस शिकवावे, ही गोष्ट त्या काळच्या मनाला भिंत चालण्याहून सोपी वाटली असेल काय? भिंत ही लोकांनी आपल्या विस्मयाला दिलेली भाषा होय.

यास्तव माझी कसोटी एवढीच : अद्भुताने माणसाने मोजलेली किंमत पुसली, तर तो इतिहासाशी द्रोह, ती राखली, तर तक्रार नाही. जोनच्या कथेत जादूने आगीचा दाह कमी होता कामा नये. त्या जपानी कथाविश्वात मागितलेल्या इच्छेचे मोल मुलींना जिवाने चुकवावे लागते, हे मला म्हणूनच मोलाचे वाटते. आपली लोककथाही याच कसोटीला उतरते. तापलेली पाठ हा चमत्कार खरा मानो वा न मानो. पण चार पोरक्या मुलांना गावाने एक खापरही मिळू दिले नाही, ही गोष्ट त्याच कथेने सातशे वर्षे विसरू दिलेली नाही.