रीस्टार्ट करण्याआधी

"नेट गेलंय, लवकर या." गेली अठरा वर्षं माझा दिवस बहुतेक याच फोनने सुरू होतो. मी लहान ऑफिसांची नेटवर्क सांभाळतो. दहा-बारा कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्विच, एक राउटर एवढाच पसारा. तरी बिघाड सापडत नाही, कारण मी पोहोचेपर्यंत सगळं बंद-चालू करून झालेलं असतं.

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत रोज सकाळी चार-पाच कॉम्प्युटरना नेट मिळत नसे, प्रिंटही जात नसे. कधी हे, कधी ते. दोन-तीनदा रीस्टार्ट केलं की चालू. म्हणून तीन आठवडे कुणी बोलावलंच नाही. मी गेलो तेव्हा काउंटरवरच्या ताईंना म्हटलं, "बंद पडलाय तसाच राहू द्या." कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाइप केलं. पत्ता होता १९२.१६८.०.७. शेजारच्या चालू कॉम्प्युटरचा १९२.१६८.१.२३. दोघांची गल्लीच वेगळी!

कॉम्प्युटरना पत्ते वाटायचं काम राउटरमधलं डीएचसीपी करतं. इथे वाटणारे दोन झाले होते. मोबाइलसाठी कुणीतरी घरचा जुना वाय-फाय राउटर आणून कपाटामागे ठेवला होता आणि स्विचची वायर त्याच्या लॅन पोर्टात खोचली होती. ज्याचं उत्तर आधी येईल, त्याचा पत्ता कॉम्प्युटर घेई. त्यामुळे रीस्टार्ट म्हणजे नुसता नशिबाचा खेळ. मी त्या राउटरचं डीएचसीपी बंद केलं, त्याला १९२.१६८.१.२ हा मोकळा पत्ता दिला. काम दहा मिनिटांचं.

माझी रीत साधी आहे: जवळून लांब जायचं. आधी पोर्टवरचा दिवा. तो लागत नसेल तर वायर किंवा क्रिंपिंग बघायचं. नंतर पत्ता. विंडोजवर तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कुणी पत्ता दिलाच नाही, कॉम्प्युटरने स्वतःच घेतला. मग राउटरला पिंग, मग बाहेर, इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला. तिथून उत्तर येतंय, पण नाव टाकल्यावर साइट उघडत नाही, तर बहुधा दोष नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसचा. पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. हाक मारायची आणि ओ कुठपर्यंत येते ते ऐकायचं. जिथे ओ थांबते, तिथेच शोध सुरू करायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने चाललं ते कळत नाही.

रीस्टार्टने काम सुरू होतं हे खरं, पण बिघाडाचा मागही पुसला जातो. म्हणून पुढच्या वेळी नेट गेलं की आधी तीन गोष्टी कागदावर लिहा: दिवा लागलाय का, पत्ता काय आहे, शेजारच्याचं चालतंय का. मग खुशाल रीस्टार्ट करा.