शेरूच्या ताटातली अहिंसा



धाकटा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्याचा 4 वर्षांचा शेरू आमच्याकडे सांगलीला आला. सोबत त्याच्या खाऊची पिशवीही आली, कोंबडीच्या मांसाची. ती घरात ठेवायची म्हणजे जिवावर आलं. त्यातून शेरू खाण्याच्या बाबतीत भलताच नखरेल.

आधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मांजराचं मांसाशिवाय भागत नाही, कुत्र्याचं भागू शकतं. पण नुसता वरणभात पुरणार नाही. सगळी पोषणद्रव्यं असलेला तयार शाकाहारी खाऊच द्या आणि अधूनमधून तपासायला आणा."

ओळखीतल्या एकीने सोपा उपाय सांगितला, "2 दिवस उपाशी ठेवा, मुकाट्याने खाईल." हे मात्र मला पटलं नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे 5 अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आश्रित जिवाचं अन्नपाणी अडवणं हाही व्रताला लागणारा दोषच. आपण उपवास करतो तो स्वतःहून नियम घेऊन. मुक्या जिवावर लादली ती उपासमार. म्हणून जुना खाऊ हळूहळूच कमी करायचा, तोवर पिशवी घरात सोसायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

बी.कॉम.ची सवय, वहीत हिशेब मांडला. दिवसाचा खाऊ 160 ग्रॅम. पहिल्या दिवशी 144 ग्रॅम जुना, 16 ग्रॅम नवा. दर 2 दिवसांनी 16 ग्रॅम इकडचे तिकडे. एरवी 7 ते 10 दिवसांत बदल करतात, पण नखरेल कुत्र्याला जास्त वेळ द्यावा. निम्म्यावर आल्यावर शेरू जुने दाणे वेचून खायचा आणि नवे बाजूला सारायचा! मग दोन्ही कोमट पाण्यात भिजवून कुस्करले. वास एक झाला, वेचणं थांबलं. एकदा शी पातळ झाली तेव्हा एक पायरी मागे येऊन 3 दिवस थांबलो. असे 24 दिवस लागले.

आणखी काही गोष्टी उपयोगी पडल्या. मधल्या वेळची बिस्किटं बंद केली. जेवणाच्या वेळा ठरवल्या. संध्याकाळचं त्याचंही आमच्याबरोबर सूर्यास्ताआधी. चवीला वर चमचाभर उकडलेला लाल भोपळा, बिनमिठाचा. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, ते आपल्याकडे नसतातच. पण आपल्या सांगलीचे बेदाणे आणि द्राक्षंही त्याला घातक, ती हाताशी ठेवू नका. दिवसभर तोंडच लावलं नाही तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

शेरू आता वाटी चाटूनपुसून खातो. वजन कायम आहे, पुढच्या महिन्यात रक्ततपासणी आहे. त्याला हे मानवत नाही असं डॉक्टर म्हणाले, तर जुना खाऊ परत आणायचा, हेही ठरलं आहे. व्रत आपलं आहे, त्याची किंमत त्याच्या शरीराने का मोजावी?

जीवंधरकुमाराने मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितला, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. जिवंत कुत्र्याला वेळेवर, त्याला सोसेल असं अन्न देणं हाही त्याच वाटेवरचा धर्म आहे.