अचूक नोंद

आमच्या नातीचे रडणे जन्मापासूनच निराळे होते. बारीक, उंच स्वराचे, मांजरीच्या पिलासारखे. वजन कमी, डोके लहान आणि दूध ओढण्याची शक्ती नाही. आप्तेष्टांनी आपापल्या परीने कारणे शोधली. कोणी ग्रहणाला दोष दिला, कोणी सूनबाईच्या गरोदरपणातील प्रवासाला. ‘घरात लग्नाची मुलगी आहे, बाहेर वाच्यता नको,’ असाही सल्ला मिळाला. सूनबाई सारे मुकाट्याने ऐकत राहिली.

पुढे रक्ताच्या तपासणीतून निदान झाले : ‘क्री द्यू शा’. या फ्रेंच शब्दांचा अर्थच ‘मांजरीचे रडणे’. फ्रान्सचे डॉक्टर जेरोम लेज्यून यांनी १९६३ मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन केले. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या विकारात पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा काही भाग गळालेला असतो. सुमारे १५ ते ५० हजार जन्मांमागे असे एक बालक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याची नोंद ‘क्यू ९३.४’ या क्रमांकाने आहे.

आपण व्यापारी माणसे. रक्कम चुकीच्या खात्यावर पडली की भलताच माणूस देणेकरी ठरतो, हे आपल्याला सांगायला नको. आमच्या घरी सारा दोष सूनबाईच्या नावे मांडला जात होता. डॉक्टरांनी समजावले, की बहुतेक बालकांत हा भाग बीजनिर्मितीच्या वेळीच आपोआप गळतो आणि बहुधा तो पित्याकडून आलेल्या गुणसूत्रातला असतो. आईच्या आहारविहाराशी त्याचा संबंध नाही. पित्याचाही त्यात अपराध नाही. मोजक्या कुटुंबांत मात्र निरोगी दिसणाऱ्या आईच्या किंवा वडिलांच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. म्हणून दोघांची तपासणी आवश्यक ठरते. आमच्या मुलाचे व सुनेचे अहवाल निर्दोष आले. असे असता पुढील अपत्याला धोका अत्यल्प असतो.

गळालेला भाग परत आणणारे औषध नाही. तरीही निदान होताच नातीच्या हृदयाची तपासणी झाली, दूध पाजण्याची योग्य रीत कळली, व्यायामोपचार व वाचोपचार सुरू झाले. आज तिसऱ्या वर्षी ती आधाराने उभी राहते आणि हवे ते बोटाने दाखवते. सूनबाई तिला कडेवर घेऊन समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमाला नेते. आपल्या नात्यागोत्यात असे बालक जन्मास आले, तर कृपया प्रथम अहवाल वाचावा आणि त्याच्या आईला धीर द्यावा.