लयीत वाढलेला नट

गळीत हंगामात वारणानगरला संध्याकाळ होते ती ऊसगाड्यांच्या घरघरीत आणि मळीच्या उग्र-गोड वासात. पण या गावाला तालसुरांचाही कान आहे. तात्यासाहेब कोरे इथल्या माळावर साखर कारखाना उभारून थांबले नाहीत. त्यांनी वारणा बाल वाद्यवृंद उभा केला, शेतकऱ्यांच्या पोरांच्या हाती वाद्यं दिली. अशा गावात राहून तबला कानावर पडला, की मला कोल्हापूरचे अरुण सरनाईक आठवतात.

त्यांचा जन्म १९३५चा. वडील शंकरराव सरनाईक गायक नट, यशवंत संगीत नाटक मंडळीचे मालक. काका निवृत्तीबुवा जयपूर-अत्रौली घराण्याचे गवई. घरातच एवढं गाणं, त्यामुळे तबला आणि पेटी अरुणरावांच्या हातात लहानपणीच आली. माझं तर ठाम मत आहे, की त्यांच्या अभिनयाची तालीम तिथेच झाली.

रंगभूमीवर ‘अपराध मीच केला’मधली त्यांची भूमिका गाजली. पडद्यावर ‘रंगल्या रात्री अशा’, ‘सवाल माझा ऐका’, ‘केला इशारा जाता जाता’, ‘एक गाव बारा भानगडी’ असे चित्रपट येत गेले आणि आमच्या भागातल्या जत्रांतल्या तंबूंनी त्यांना आपलं मानलं. ढोलकीच्या फडावर ते उभे राहिले, की पाय न हलवताही माणूस तालात आहे हे कळायचं. ‘घरकुल’मधलं ‘पप्पा सांगा कुणाचे’ त्यांनी प्रमिला दातारांबरोबर स्वतः गायलं. त्या आवाजात गायकाचा तोरा नाही, घरातल्या बापाचा ओलावा आहे.

तरीही त्यांच्यावर ‘तमाशापटांचा नायक’ असा शिक्का बसला. तो मला कायम सलतो. १९७९च्या ‘सिंहासन’मधला मुख्यमंत्री आठवून पाहा. अरुण साधूंच्या कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन; समोर डॉ. लागू आणि निळू फुले. खुर्चीखालची जमीन सरकत असताना हा मुख्यमंत्री आवाज चढवत नाही. बोलता बोलता थांबतो, किंचित हसतो, पुढचा शब्द जरा उशिरा टाकतो. तो उशीर मोजून-मापून आलेला असतो. समेवर कधी यायचं हे तबला वाजवणाऱ्याच्या अंगात भिनलेलं असतं, आणि त्या थांबण्यातच सत्तेचं सगळं भय आणि सगळी धूर्तता मला दिसते. दमदार संवादफेकीला अभिनय समजण्याच्या काळात हे धाडस होतं.

२१ जून १९८४ रोजी अपघातात ते गेले. वय अवघं ४८. ‘सिंहासन’नंतर त्यांच्या वाट्याला कसल्या भूमिका आल्या असत्या, या विचारानं आजही जीव हळहळतो.

ज्यांनी त्यांना फक्त फेट्यात आणि फडावर पाहिलंय, त्यांनी ‘सिंहासन’ जरूर पाहावा. त्यातला एखादा प्रसंग डोळे मिटून नुसता ऐकावाही.