लुटुपुटीचा चहा

पितळी भातुकली तिला आजोळी मिळाली. बोटभर उंचीचा बंब, अंगठ्याएवढी कळशी, विळी, परात, जातं. मे महिन्याच्या सुट्टीत ओसरीवर संसार मांडला जाई. चुरमुऱ्यांचा भात, गूळपाण्याची आमटी. एरवी सगळ्यांच्या आधी घास घेणारी ही पोर तिथे मात्र पाहुण्यांना वाढून झाल्याशिवाय पानावर बसत नसे. धाकट्या भावाचा सारा जीव गुळात. पण ‘अजून नैवेद्य व्हायचाय’ म्हटलं की तोही हात आवरून बसे.

हा आवर येतो कुठून? बालवाडीत शिकवायला लागल्यावर हा प्रश्न तिला छळू लागला. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३३ साली खेळावर दिलेल्या व्याख्यानात तिला त्याचा धागा सापडला. दोन सख्ख्या बहिणी ‘बहिणी-बहिणी’ खेळतात, तेव्हा रोज नकळत होणारं वागणं त्या नियम म्हणून पाळतात. लुटुपुटीच्या खेळात मूल मोकाट सुटतं, ही समजूतच चुकीची. तिथे ते स्वतःला सर्वांत जास्त बांधून घेतं, तेही आनंदानं.

आणि केवढं डोकं चालवतं! मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन लेस्ली यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांबरोबर चहापान मांडलं. दोन रिकाम्या कपांत खोटा चहा ओतला, एक कप उपडा करून पुन्हा सरळ ठेवला. ‘रिकामा कुठला?’ विचारल्यावर मुलांनी तोच कप दाखवला. खरं तर रिकामे दोन्ही! खरं काय आणि मानलेलं काय, हे दोन्ही हिशेब ती चिमुरडी एकाच वेळी सांभाळत होती.

आपली भातुकली तिनं बालवाडीत नेली, तरी खेळ पितळेवर अडत नाही हे ती जाणून होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला पानं, बिया, शिंपले यांवरच मुलांचं शिक्षण उभं केलं होतं.

तिच्या वर्गाबद्दल पालकांची तक्रार मात्र ठरलेली: ‘मुलं नुसती खेळतात.’ तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी कधी देणार? वाद न घालता ती त्यांना मुलांतच बसवते. परवा एका वडिलांना एसटीत जागा मिळाली. कंडक्टरनं वाळकं पान फाडून तिकीट दिलं, दहा चिंचोके मागितले. वडिलांनी मूठभर पुढे केले. त्यानं एकेक मोजून घेतले आणि उरलेले तीन परत केले.