नागावच्या वाडीतले पाच दिवस

मुंबईला जाऊन आलेली आपली माणसं तिथली लग्नं आणि खरेदी ह्यांचंच जास्त सांगतात. आम्ही ह्या खेपेस मुंबईत दोनच रात्री काढल्या. हॉर्नचा आवाज, धूळ, शिवाय नातेवाइकांचं घर चौथ्या मजल्यावर. आमच्या ह्यांच्या गुडघ्यांना ते झेपेना. म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत, एका रविवारी, आम्ही दोघं आणि तेरा वर्षांचा नातू असे तिघं गेटवेवरून मांडव्याच्या बोटीत बसलो.

आमच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचं आणि पुढे एस.टी. आता गेटवेवरून तासाभरात मांडवा, आणि अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात. २०२० पासून तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसुद्धा बोटीत घालून नेतात. पावसाळ्यात मात्र गेटवेच्या बोटी बंद असतात, जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

हॉटेल होतं नागावला, अलिबागच्या दक्षिणेस. ह्यांनी रिक्षावाल्याला काय सांगितलं देव जाणे, त्याने आम्हाला उत्तरेस थळच्या बाजूला नवगावला नेलं! ह्यांचं म्हणणं, रिक्षावाल्याने नीट ऐकलं नाही. आमचं म्हणणं, पन्नास वर्षं हिब्रू बोलून ह्यांचं मराठी बोबडं झालंय. पण मुलांनो, नवगाव म्हणजे कुठलं गाव ठाऊक आहे ना? आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचून किनाऱ्याला लागल्या असं आजी-आजोबा सांगतात, ते हेच. सामानासकट आम्ही तिथल्या स्मारकापुढे उभे राहिलो. नातवाने विचारलं, "सावता, ते पण चुकूनच आले होते का?" काय उत्तर द्यावं?

हॉटेल कसलं, नारळी-पोफळीच्या वाडीत चार खोल्या आणि एक झोपाळा. फाटक उघडलं की पायवाट, मग सुरूची झाडं, मग समुद्र. रविवारी संध्याकाळी मुंबईकर परतले आणि सगळं शांत झालं. ओहोटीला पाणी लांब जातं, ओल्या वाळूवर खेकड्यांनी केलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. जन्मभर रात्रपाळ्या केल्यामुळे आम्हाला रात्री धड झोप येत नाही, पण तिथे आली. एकदाच दचकून उठलो. पत्र्यावर झावळी पडली होती.

स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी कोळंबी आणि तिसऱ्या दाखवल्या. आम्ही नको म्हटलं, खवल्याची मासळी हवी म्हटलं. त्यांनी जरा निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमी शनवार तेली ना? मग आदी सांगायचं!" दुसऱ्या दिवसापासून सुरमई, तांदळाची भाकरी आणि नारळाच्या दुधाची आमटी. ह्या नावाने आम्हाला कोणी हाक मारून किती वर्षं झाली होती!

नातवासाठी अलिबाग पाहिलं. ओहोटीच्या वेळी घोडागाडीतून कुलाबा किल्ल्यावर गेलो. चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच दाखवली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकसुई बिघडेल अशी भीती होती, तेव्हा १९०४ साली हे काम अलिबागला आणलं. म्हणजे मुंबईच्या गोंगाटाला कंटाळून इथे येणारे आम्ही काही पहिले नव्हे.

पण आम्ही आलो होतो बाबांसाठी. १९६८ साली आई आणि आम्ही भावंडं इस्राएलला आलो. बाबा एस.टी.त होते, पेन्शन झाली की येणार होते. जून १९७२ मध्ये बेर शेवाला तार आली. मामांनी मुंबईहून केली होती. आम्ही जमिनीवर बसलो, सात दिवस पाळले. परत जायला पैसे नव्हते, मग मुलं झाली, नोकरी, मग आईचं आजारपण. अशी एक्कावन्न वर्षं गेली.

बुधवारी इस्राएल आळीत गेलो. मागेन अबोथ मशिदीत (लहान मुलांनो, आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत) दिवा लावला आणि तिथून एक माणूस कोयता घेऊन आमच्याबरोबर कबरस्तानात आला. गवत कमरेएवढं. मराठी अक्षरांचा रंग उडालेला, आमच्या डोळ्यांना काही लागेना. हिब्रू मात्र खोल कोरलेलं. नातू बोट फिरवत एकेक दगड वाचत सुटला, आणि तासाभराने ओरडला. बाबांचं नाव, आजोबांचं नाव. तव, शिन, लामेद, बेत: ५७३२ साल. तारीख पाच तम्मूज.

आम्ही म्हटलं, आठ असेल, नीट बघ. त्याने दोनदा वाचलं. पाचच.

तेव्हा उलगडा झाला. मामा दफन उरकून मुंबईला गेले आणि तिथून तार केली. तारेवरची तारीख हीच बाबांची समजून आईने हयातभर आठ तम्मूजला अझकारा केली, आणि तिच्यामागे आम्ही. मिन्यान नव्हता, म्हणून कद्दिश म्हणता आला नाही. ह्यांनी हश्काबा म्हटली, नातवाने तेहिलिम वाचले. नागावच्या वाळूतला एक गोटा त्याने खिशात आणला होता, तो दगडावर ठेवला. आम्ही तिथेच गवतात बसून राहिलो. कोयतेवाल्याने न सांगता पाण्याची बाटली आणून दिली.

शुक्रवारी सकाळी निघालो, कारण संध्याकाळपासून मुंबईची मंडळी स्पीकर घेऊन येतात असं मावशींनी बजावलं होतं. शब्बाथ मुंबईत केला. येणाऱ्यांनी रविवारी जावं, शुक्रवारी निघावं.

घरी आल्यावर अश्दोदला भावाशी बरीच चर्चा झाली. तो म्हणतो, आईने जी पाळली तीच तारीख ठेवायची. आम्ही म्हणतो, दगडावरची. त्या वर्षी दोन्ही दिवशी दिवा लावला.