बाहेरचा परीक्षक

नवें घर बांधणें अवघड खरें. परंतु राहतें घर दुरुस्त करणें त्याहून अवघड, हें ज्यानें पावसाळ्यापूर्वीं एकदां तरी कौलें उतरविलीं असतील त्याला निराळें सांगावयास नको. नव्या घरांत गवंडी व सुतार असतात, पण चूल पेटलेली नसते. दुरुस्तीस काढलेल्या घरांत मात्र एका खोलींत भिंत पाडावयाची आणि शेजारच्या खोलींत पानें वाढावयाचीं, असा दुहेरी संसार चालवावा लागतो. विमानतळावरील उतारूंची इमारत, जिला आतां सर्वजण टर्मिनल म्हणतात, तिच्या नूतनीकरणाची अडचण हीच. फक्त पंगत मोठी. तेथें रोज हजारों माणसें येणार, त्यांचें सामान तपासलें जाणार, विमानें ठरल्या वेळीं सुटणार, आणि त्याच आवारांत जुन्या भिंती पडून नव्या उभ्या राहणार. आपल्या मुंबईस सहार येथील दुसरें टर्मिनल २०१४ च्या फेब्रुवारींत उतारूंस खुलें झालें. तेंहि असेंच जुन्याचें काम चालू ठेवून, त्याच जागीं, टप्प्याटप्प्यानें उभारावें लागलें.

अशा कामास हात घालतांना विमानतळाचे चालक बहुधा बाहेरचे सल्लागार नेमतात. त्यांस प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार असें भारदस्त नांव आहे. सुज्ञ वाचकांच्या मनांत येथें सहजच शंका येईल, कीं पदरीं एवढे अभियंते, हिशेबनीस व अधिकारी असतां परक्यांस पैसे कां मोजावे? शंका रास्त आहे, पण तिला उत्तर आहे. विमानतळाचा नोकरवर्ग तळ चालविण्यांत तरबेज असतो. दिवे, रांगा, स्वच्छता, धांवपट्टी यांत त्याचा दिवस जातो. टर्मिनल पाडून बांधण्याचा प्रसंग वीस-पंचवीस वर्षांनीं एकदां येतो. तेवढ्यासाठीं आगप्रतिबंधक यंत्रणेचे, सामानाच्या सरकत्या पट्ट्यांचे, काँक्रीटचे व वेळापत्रकाचे जाणकार कायमचे पोसणें परवडत नाहीं. मुलीच्या लग्नासाठीं आपण आचारी आणतों, तो कांहीं बारा महिने घरीं ठेवीत नाहीं; त्यांतलाच हा प्रकार.

दुसरें कारण याहून महत्त्वाचें आहे. बांधकामांत आराखडा काढणारा वास्तुशिल्पज्ञ एक, बांधणारा कंत्राटदार दुसरा, आणि पैसे देणारा मालक तिसरा. वास्तुशिल्पज्ञाचें प्रेम आपल्या आराखड्यावर, कंत्राटदाराचें आपल्या नफ्यावर आणि मालकाचें उद्‌घाटनाच्या तारखेवर. यांपैकीं कोणतेंहि प्रेम ज्याच्या डोळ्यांवर आलेलें नाहीं, असा चौथा माणूस लागतो. मीं पुष्कळ वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. तोंडी परीक्षेस बाहेरचा परीक्षक येणार म्हटलें, कीं कित्येक शिक्षकांस तो आपला अपमान वाटे. मला तसें वाटलें नाहीं. ज्या मुलास मीं वर्षभर शिकविलें, त्याच्या अडखळण्यांतहि मला उत्तर ऐकूं येई. परक्याला फक्त अडखळणें ऐकूं येई, आणि तेंच खरें असे. साक्षी या शब्दाची व्याकरणांतील फोड मोठी मार्मिक आहे. ज्यानें प्रत्यक्ष पाहिलें तो साक्षी. बाहेरचा सल्लागार हा या अर्थानें साक्षी होय. निकाल देणें त्याचें काम नव्हे. पाहिलेलें सांगणें हें त्याचें काम.

परंतु साक्षीदार आणला म्हणजे त्याचें ऐकलें जातेंच असें नाहीं. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत डेन्व्हर नांवाचें शहर आहे. तेथील मोठा विमानतळ २८ फेब्रुवारी १९९५ रोजीं सुरू झाला. त्याच्या टर्मिनलावर पांढऱ्या कापडी छपराचीं शिखरें आहेत. तीं पाहून जवळच्या रॉकी पर्वताच्या हिमशिखरांची आठवण होते. हा विमानतळ बांधीत असतां अशी एक योजना निघाली, कीं उतारूंचें सर्व सामान संगणकाच्या आज्ञेनें रुळांवर धांवणाऱ्या लहान गाड्यांतून, माणसाचा हात न लागतां, विमानापर्यंत पोंचावें. १९९० सालीं शहरानें बाहेरच्या सल्लागारांकडून या कल्पनेची छाननी करविली. त्यांनीं अभिप्राय दिला, कीं इतकी गुंतागुंतीची यंत्रणा व्यवहार्य नाहीं. जर्मनींतील म्युनिक विमानतळाच्या जाणकारांनींहि सावध केलें: आमची यंत्रणा याहून पुष्कळ साधी, तरी ती बांधण्यास दोन वर्षें लागलीं, आणि विमानतळ उघडण्यापूर्वीं सहा महिने ती अहोरात्र चालवून पाहिली. दोन्हीं मतें फडताळांत गेलीं आणि काम सुरू झालें.

पुढें काय झालें तें जगजाहीर आहे. १९९३ च्या ऑक्टोबरांत उघडावयाचा विमानतळ सोळा महिने तसाच पडून राहिला. १९९४ मध्यें वृत्तपत्रकारांना बोलावून प्रात्यक्षिक दाखविलें, तेव्हां गाड्या एकमेकींवर आदळल्या, पेट्या फुटल्या आणि आंतले कपडे जमिनीवर विखुरले. या दिरंगाईचा भुर्दंड दिवसाला दहा लाख डॉलरांच्या वर होता. मग शहरानें जर्मनींतून दुसरे सल्लागार बोलाविले. त्यांनीं सांगितलें, कीं पट्टे आणि ओढगाड्या यांची साधी जुनी पद्धत जोडीला उभी करा. त्यासाठीं सुमारें पांच कोटी डॉलर मंजूर करावे लागले, तेव्हां कोठें विमानतळ उघडला. ती नवलाची यंत्रणा एकाच विमान कंपनीच्या कामीं, तीहि अर्धीमुर्धी, येत राहिली आणि २००५ मध्यें तिला कायमची रजा मिळाली. पहिला सल्ला स्वस्त होता, म्हणून तो ऐकला नाहीं. दुसरा ऐकला, कारण तोंवर दुसरा मार्गच उरला नव्हता.

याच टर्मिनलाच्या नूतनीकरणाची कथा आणखी बोधप्रद आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर सुरक्षा तपासणी कडक झाली आणि मधल्या भव्य दालनांत लांबच लांब रांगा लागूं लागल्या. तें दालन कांहीं त्यासाठीं बांधलेलें नव्हतें. तेव्हां तपासणीची जागा वरच्या मजल्यावर हलवावी व सर्व इमारतीचा कायापालट करावा, असें ठरलें. २०१७ मध्यें शहरानें एका भागीदार मंडळीशीं ३४ वर्षांचा करार केला. आराखडा तिनें करावा, बांधकाम तिनें करावें, आणि पुढें दुकानांचा कारभारहि तिनेंच पाहावा. कराराचा एकूण आंकडा १८० कोटी डॉलरांचा. त्यांत बांधकाम सुमारें ६५ कोटींचें. डोकेदुखी एकदांची दुसऱ्याच्या डोक्यावर गेली, असें मालकास वाटलें असेल तर नवल नाहीं. २०१८ च्या जुलैंत काम सुरू झालें आणि थोड्याच महिन्यांत जुन्या काँक्रीटच्या मजबुतीविषयीं प्रश्न निघाला. कंत्राटदारानें काँक्रीटकडे आणि मालकानें सुचविलेल्या बदलांकडे बोट दाखविलें. मालकानें कंत्राटदाराच्या दिरंगाईकडे व वाढत्या मागण्यांकडे. २०१९ च्या ऑगस्टांत मालकानें करार मोडला. ती मंडळी निघून गेली, पण जातांना शहराला १८ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मोजावी लागली. पुढें निराळ्या कंत्राटदाराकडून काम करून घेतलें. तपासणीचें पश्चिमेकडील नवें दालन २०२४ च्या फेब्रुवारींत आणि पूर्वेकडील २०२५ च्या ऑगस्टांत उघडलें.

या दोन्हीं कथांत जाणकारांची वाण नव्हती. ज्ञान विकत मिळतें, मनुष्यबळ विकत मिळतें. जबाबदारी मात्र विकत देतां येत नाहीं. ती करारांत लिहून दुसऱ्याच्या हवालीं केली, तरी फिरून मालकाच्याच दारीं येऊन बसते. धृतराष्ट्राच्या पदरीं विदुरासारखा सल्लागार होता. त्याला झोंप येईना म्हणून त्यानें विदुरास बोलावून रात्रभर ऐकलें आणि सकाळीं करावयाचें तेंच केलें. सल्ला विचारणें ही कित्येकांस मनःशांतीची एक सोय वाटते, त्याला इलाज नाहीं.

हें सर्व मीं केवळ कुतूहलानें वाचलेलें नाहीं. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा अशाच एका सल्लागार संस्थेंत अभियंता आहे. गतवर्षीं तो एका टर्मिनलाच्या नूतनीकरणावर देखरेखीस होता. शहर कोणतें व संस्था कोणती हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. उद्‌घाटनाची तारीख जाहीर झाली होती, पाहुणे ठरले होते. धुराची सूचना देणारी घंटा आणि धूर बाहेर काढणारे पंखे एकदमच चालवून पाहण्याची चांचणी एका भागांत व्हावयाची राहिली होती. त्यानें आठवड्याच्या अहवालांत एका ओळींत तसें लिहिलें. मालकाकडील एका अधिकाऱ्यानें सुचविलें, कीं "चांचणी झालेली नाहीं" याऐवजीं "चांचणी प्रगतिपथावर आहे" असें लिहा. सही पुतण्याची व्हावयाची होती. तो विचार डोक्यांत घेऊनच तो गौरी-गणपतीस घरीं आला.

रात्रीं जेवणें झाल्यावर ओटीवर विषय निघाला. माझा भाऊ म्हणाला, "ज्याचें मीठ खातोस त्याच्या मनाविरुद्ध कशाला लिहितोस? घराचें कर्ज अजून बारा वर्षें फेडावयाचें आहे. शिवाय काम लांबलें म्हणजे तुमचींच बिलें वाढतात, असें लोक म्हणणारच."

"लोक म्हणतात तें अगदींच खोटें नाहीं, बाबा," पुतण्या म्हणाला. "दिवसांवर पैसे घेणारे आणि जाडजूड अहवाल छापून मोकळे होणारे आमच्यांतहि आहेत. पण म्हणूनच ही ओळ कशी बदलूं?"

सूनबाई सुपारी कातरीत बसल्या होत्या. त्या कोणाकडे न पाहतां म्हणाल्या, "पुढच्या महिन्यांत माझे आईबाबा त्याच इमारतींतून यायचे आहेत."

कोणी कांहीं बोललें नाहीं. मग पुतण्यानें मला विचारलें, "काका, तुम्हांला काय वाटतें?"

मीं त्याला उलट विचारलें, "प्रगतिपथावर म्हणजे काय?"

"सुरू झालेली, पण संपलेली नाहीं."

"मग ती सुरू झाली आहे का?"

"नाहीं, काका."

"तर तो शब्द तेथें चुकीचा आहे," मी म्हणालों. "मला विमानतळांतलें कळत नाहीं; शब्दांतलें थोडें कळतें."

त्यानें ओळ तशीच ठेवून सही केली. महिनाभरांत त्याची त्या कामावरून दुसरीकडे बदली झाली आणि जी बढती मिळावयाची होती ती दुसऱ्यास मिळाली. भावानें मला त्याबद्दल बोल लाविला नाहीं, पण कांहीं दिवस तो माझ्याशीं मोजकेंच बोले. चांचणी मात्र उद्‌घाटनापूर्वीं झाली. दोन पंखे उलट फिरत होते, धूर बाहेर काढण्याऐवजीं आंत लोटीत होते, असें पुतण्यास मागाहून कळलें. ती ओळ कोणी वाचली आणि कोणी हुकूम दिला, तें अद्याप कळलेलें नाहीं.

म्हणून मला वाटतें, कीं सल्लागार नेमावा कीं नाहीं हा प्रश्न फारसा खोल नाहीं. नेमल्यावर त्याची ओळ कोणाच्या हातीं पोंचते, हा खरा प्रश्न. जो अधिकारी तारखेला बांधलेला, त्याच्याच हातीं अहवालाची लेखणी असेल, तर बाहेरून साक्षीदार आणून उपयोग नाहीं. सल्लागाराचा शब्द न बदलतां वरिष्ठ मंडळापर्यंत जावा, आणि तो समजून घेणारें एक तरी जाणतें माणूस मालकाच्या स्वतःच्या घरांत असावें. लग्नांतला आचारी कितीहि नामांकित असला, तरी कोठीच्या किल्ल्या घरच्या बाईच्या कमरेलाच असतात. आणि आमटी अळणी झाली तर व्याही आचाऱ्याला बोलत नाहींत.

आपणहि घरांत कधीं डॉक्टरास, कधीं वकिलास, कधीं एखाद्या वडीलधाऱ्या स्नेह्यास मत विचारतों. विचारण्यापूर्वीं मनाशीं एवढें ठरवावें, कीं उत्तर गैरसोयीचें आलें तर आपण तें ऐकणार आहों कीं नाहीं. ऐकावयाचें नसेल, तर त्या भल्या माणसाचा वेळ घेऊं नये.